शाळेत मुलाचे डोळे तपासले आणि नवऱ्याचं कोलेस्ट्रॉल सापडलं, आता गोळी जन्मभर घ्यायची का?

सत्तरीची_वैनी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे राहतो, मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, मराठी शाळेत. जुलैत शाळेत डोळे तपासायला टीम आली होती, तो ई अक्षराची तोंडं वेगवेगळ्या बाजूला केलेला तक्ता भिंतीवर लावून एकेक डोळा झाकायला लावतात ना, तसं. त्याची चिठ्ठी घरी आली पण माझ्या हातात नाही आली. तीन आठवडे दप्तराच्या तळाला पडून होती, पावसाची ओल आणि डब्यातली सांडलेली कढी लागून अर्धी शाई पसरलेली. दप्तर वाळवायला रिकामं केलं तेव्हा सापडली. उजवा ६/६ म्हणजे नॉर्मल, डावा ६/२४ म्हणजे बराच कमी, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. माझ्या पोटात गोळाच आला कारण पोरगा कधी काही बोललाच नाही, क्रिकेट खेळतो, झाडावर चढतो, टीव्हीसुद्धा लांबून बघतो.

म्हापशाला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला. थेंब घालून तपासलं. म्हणाले डाव्या डोळ्याचा नंबर जास्त आहे, मेंदूने त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून दिलंय, ह्याला आळशी डोळा म्हणतात, चष्मा घालायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची.

आता खरी गोष्ट. चष्म्याचा नंबर लिहिता लिहिता डॉक्टर थांबले आणि आमच्या ह्यांच्याकडे बघत राहिले. तुमचं वय काय विचारलं. ३८. मग म्हणाले जरा इथे हनुवटी टेकवा. ह्यांच्या दोन्ही बुबुळांच्या कडेने राखाडी पांढरट गोल रेघ आहे, मी लग्न झाल्यापासून बघतेय, मला वाटायचं डोळ्यांचा रंगच तसा. आणि पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळसर चपटा डाग आहे, तो मात्र दोनेक वर्षांतला. डॉक्टरनी विचारलं घरात कुणाला हार्ट, लकवा? ह्यांचे वडील ५१ व्या वर्षी गेले, सकाळी न्हाणीत पडले, एक बाजू गेली आणि तिसऱ्या दिवशी संपलं. डॉक्टर म्हणाले उद्याच्या उद्या लिपिड प्रोफाइल करा.

रिपोर्ट: टोटल २८८, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) २१४, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १६५. आमच्या फॅमिली डॉक्टरनी कोलेस्ट्रॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी, रोसुवास्टॅटिन २०, लिहून दिली, रोज रात्री एक.

हे घ्यायला तयार नाहीत. अंगाने काडी आहेत, पिकअप चालवतात, दारू नाही विडी नाही, मटण महिन्यातून एकदा. म्हणतात मला काही होत नाही तर गोळी कसली? आणि सासूबाई म्हणतात ही गोळी एकदा धरली की सुटत नाही, लिव्हर खराब करते, त्यापेक्षा लसूण आणि सोलांचं पाणी घे. मी मध्ये अडकलेय. गोळी खरंच जन्मभर घ्यावी लागते का? नारळ बंद करायचा का, आमच्याकडे नारळाशिवाय जेवण म्हणजे काय करणार? मुलाचंही रक्त तपासायचं का, इतक्या लहानाचं? आणि पट्टी, तो दोन दिवस शाळेत लावून गेला, मुलं चिडवतात म्हणून आता दप्तरात लपवतो. कुणाला अनुभव असेल तर लिहा, देव बरें करूं.

निवृत्त_सिस्टर

वैनी, आधी त्या डोळ्यांच्या डॉक्टरना मनापासून नमस्कार. पेशंट मुलगा असताना बापाच्या डोळ्याकडे बघणारे डॉक्टर सगळीकडे भेटत नाहीत. मी सरकारी हॉस्पिटलात ३१ वर्षं नर्स होते, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात, म्हणून लिहितेय, पण डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा.

एलडीएल १९० च्या वर असलं की बाकी काही नसलं, शुगर बीपी सगळं नॉर्मल असलं, तरी गोळी सुरू करा असंच डॉक्टर सांगतात. तुमच्या ह्यांचं २१४, वय ३८, बुबुळाला कड आणि वडील ५१ व्या वर्षी गेलेले. हे सगळं एकत्र बघितलं तर घराण्यातून आलेलं कोलेस्ट्रॉल वाटतं, साधारण अडीचशे माणसांमागे एकाला असतं, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, फक्त कुणी तपासत नाही. रक्तातलं एलडीएल उचलून आत घ्यायला लिव्हरवर दारं असतात, ह्या लोकांत ती दारं जन्मापासून कमी असतात किंवा नीट उघडत नाहीत, मग ते रक्तात फिरत राहतं आणि नसांच्या भिंतीत साचतं. माणूस काडीसारखा असो नाहीतर कणगीसारखा, त्याचा इथे संबंध नाही. तो खातो काय ह्याचाही थोडाच. पथ्याने दहा पंधरा टक्के उतरेल, २१४ चं १८५ होईल, तेवढ्याने भागत नाही. रोसुवास्टॅटिन २० ने मात्र साधारण निम्म्यावर येतं.

पण गोळीच्या आधी एक करा, टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्त तपासणी करून घ्या. थायरॉइड कमी असला तरी एलडीएल चढतं, मग औषध थायरॉइडचं लागतं. शुगर, लघवीतलं प्रोटीन आणि एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) पण त्याच रक्ता-लघवीत होऊन जाईल.

लिव्हरची भीती मी किती जणांच्या तोंडून ऐकली असेल. लिव्हरला खरी इजा फार क्वचित होते, म्हणून तर सुरुवातीला एसजीपीटी बघतात आणि दीड-दोन महिन्यांनी लिपिडबरोबर परत बघतात. काही जणांचे स्नायू दुखतात, डोस कमी करून किंवा दुसरी स्टॅटिन देऊन बहुतेकांचं भागतं. फक्त अंग खूपच दुखायला लागलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. शुगर काठावर असेल त्यांची किंचित वाढू शकते, हेही खरं. आणि सुटत नाही म्हणतात ते व्यसन लागतं म्हणून नाही हो. लिव्हरची दारं तीच राहतात, गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे येऊन बसतं. चष्मा काढला की परत धूसर दिसतं तसंच हे. सासूबाईंना असंच सांगा, नातवाला चष्मा लागलाच आहे, पटेल त्यांना.

मुलाचं रक्त जरूर तपासा. आईबापापैकी एकाला हे असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आणि तुमच्या ह्यांना भावंडं असतील तर त्यांनाही आजच फोन करा.

माडाखालचो

सिस्टरबाई मान ठेवून विचारतो, हे सगळं कंपन्यांचं नाही का? आधी म्हणाले अंडी खाऊ नका, मग म्हणाले खा. माझे आजोबा पेडण्याला, रोज नारळ, रोज नुस्तें (मासळी), ९१ वर्षं जगले, चष्मा नाही गोळी नाही. आता तिशी-चाळिशीतल्या पोरांना केमिकल गोळ्या. भीती घालायची आणि विकायचं. वैनींच्या मिस्टरांना काहीच त्रास नाही, चालत्या गाडीला ब्रेक कशाला?

फोंड्याचो_पूत

माडाखालचो भाऊ, रागाने लिहीत नाही, पण काहीच त्रास नाही ह्या तीन शब्दांनी आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी. बाबा स्टुलावर चढून गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होते, मी खालून एकेक वस्तू देत होतो. मावळिंगाचं फळ हातात दिलं तर ते तसंच धरून थांबले. म्हणाले, उजव्या डोळ्यावर पडदा आला रे वरून खाली, काळा. मी म्हटलं उतरा. खाली बसले, डावा डोळा झाकला, उजवा उघडा ठेवून माझ्याकडे बघितलं, म्हणाले तू अर्धाच दिसतोस, खालचा नाहीस. दहा मिनिटांत सगळं परत आलं, पूर्ण. दुखलं नाही, काही नाही. चहा प्यायले आणि परत स्टुलावर चढले. घरात सगळ्यांनी ठरवलं, उपास आहे, चक्कर असेल, नाहीतर मोतीबिंदू असेल, चवथ झाली की डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. वय ६३, कोलेस्ट्रॉल सहा वर्षांपूर्वी वाढलेलं निघालं होतं, गोळी तीन महिने घेऊन सोडली होती कारण त्रास काहीच नव्हता.

आठव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावर बसायच्या आधी तोंड वाकडं झालं आणि डावा हात लोंबकळला. जवळच्या एका खाजगी ठिकाणी नेलं, ओळखीचं म्हणून. तिथे सीटी स्कॅनच नव्हता. बीपी वाढलंय म्हणून सलाइन लावून ठेवलं, आम्हीही बसून राहिलो, बरं वाटेल म्हणून. रात्री सव्वादहाला म्हणाले बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्या. मग १०८ ला फोन, त्यांची गाडी आली, पण आम्ही बांबोळीला पोचून सीटी होईपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. मला ते त्या रात्री कळलं.

नंतर मानेचा डॉप्लर (नसांची सोनोग्राफी) केला, उजव्या बाजूची मेंदूकडे जाणारी नस ८० टक्के बंद. डॉक्टरनी समजावलं की तो पडदा म्हणजे त्या नसेतल्या साचलेल्या कोलेस्ट्रॉलच्या थरातला एक कण किंवा छोटी गुठळी सुटून डोळ्याच्या नसेत जाऊन अडकली आणि सुदैवाने विरली. मानेतली तीच नस डोळ्यालाही रक्त देते आणि मेंदूलाही. दुसरी मेंदूत गेली. पडदा आला त्याच दिवशी गेलो असतो तर तो मिनी स्ट्रोक म्हणूनच धरला असता. पहिले दोन दिवस तर सगळ्यात धोक्याचे असतात, आणि आम्ही त्या दोन दिवसांत नेवऱ्या तळत होतो.

आता बाबा चालतात, काठी घेऊन. पण डावी बाजू त्यांना कळत नाही. डोळे चांगले आहेत, मेंदू डावीकडचं दाखवत नाही. ताटात शीत (भात) वाढलं की उजवीकडचं अर्धं खातात, डावीकडचं तसंच, रेघ मारल्यासारखं, आणि आईला विचारतात आज नुस्तें नाही का केलंस? बांगडा डावीकडे असतो. आई काही न बोलता ताट फिरवते. रोज.

वैनी, मिस्टरांना हे वाचून दाखवा.

सत्तरीची_वैनी

दादा, वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. बाबांना लवकर बरं वाटो.

निवृत्त_सिस्टर

फोंड्याच्या बाळा, आईला सांग डावीकडून बोलायला, पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवायला, ताटाच्या डाव्या कडेला लाल फडक्याची पट्टी ठेवून बाबांना आधी ती शोधायला लावायची. आमच्याकडे फिजिओ असंच शिकवायच्या. हळूहळू मान वळवायची सवय लागते. सगळं परत येईल असं खोटं सांगत नाही, पण सवयीने फरक पडतो.

माडाखालचो, तुमच्या आजोबांना आयुष्य चांगलं मिळालं, आनंद आहे. पण वॉर्डात ५१ व्या वर्षी जे गेले त्यांचे नातू आजोबांची गोष्ट सांगायला येत नाहीत, त्यांना आजोबा आठवतच नाहीत. केमिकल म्हणाल तर पहिली स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्दो ह्यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून शोधली, पेनिसिलिनसारखीच. आणि ती लिव्हरची दारं शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन ह्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. स्टॅटिन बाजारात आली १९८७ ला, म्हणजे दारं आधी सापडली, गोळीचा धंदा नंतर. पुष्कळ अभ्यास एकत्र करून हेच दिसलंय की एलडीएल ३९ पॉइंटने उतरलं की हार्ट अटॅक आणि स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. वैनींच्या मिस्टरांचं शंभरने उतरू शकतं.

एक मात्र सांगायलाच हवं, सगळा स्ट्रोक कोलेस्ट्रॉलमुळे नसतो. बहुतेक गुठळीचे असतात, त्यात बऱ्याचदा कोलेस्ट्रॉलचा हात असतो. काही मेंदूत रक्त फुटून होतात, ते मुख्यतः बीपीचे. स्ट्रोकचा सगळ्यात मोठा शत्रू बीपीच. वैनी, सासऱ्यांचा कोणता होता कुणाला माहीत नसेल, पण मिस्टरांचं बीपी पण मोजून घ्या, पिकअप चालवणारे जेवण झोप कशाचीच वेळ पाळत नाहीत.

आणि नारळ. खोबरेल तेलात ८० ते ९० टक्के संतृप्त चरबी असते, एलडीएल वाढवते हे खरंच आहे. पण हुमण (नारळाची माशाची आमटी) बंद करा असं मी गोव्यातल्या बाईला सांगणार नाही. अर्ध्या वाटीच्या जागी पाव वाटी वाटप, फोडणीला खोबरेलऐवजी शेंगदाण्याचं किंवा दुसरं तेल, तळलेल्या मासळीऐवजी तव्यावर चमचाभर तेलात. बांगडे तारले खुशाल खा, चांगलेच आहेत. सोलांची कढी नारळाच्या रसाशिवाय. सुंगटांत (कोळंबीत) कोलेस्ट्रॉल असतं पण संतृप्त चरबी फार कमी, त्यामुळे त्यांचा बाऊ नको. बेकरीची खारी, नानकटाई, पॅटिस मात्र खरंच कमी करा, पोदेराचा (पाववाल्याचा) साधा पोळी-पाव चालेल. लसूण जेवणात भरपूर घाला, पण लसूण गोळीच्या जागी नको.

गणिताचे_मास्तर

वैनी, मी डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, २२ वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधली दप्तरातली चिठ्ठी वाचून हात थांबला.

आमच्या बाजूने कसं असतं ते सांगतो. १९७६ पासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत यायला हवी, अंगणवाडीत दोनदा. डोळ्यांसाठी सहा मीटर लांब तक्ता. आमच्याकडे दोरीला गाठ मारून सहा मीटर मोजून ठेवलेत, जमिनीवर खडूने रेघ. मुलं ओळीत उभी असतात, पुढच्याने काय सांगितलं ते ऐकून पाठ करतात, म्हणून मी तक्ता मधेच उलटा करतो. दुसरी खोड म्हणजे तळहाताने डोळा झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतात. लबाडी नसते हो, बरोबर सांगायचंय एवढंच असतं त्यांना. आता मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा गोल कापून देतो, तो नाकाला टेकवून धरायचा. तुमच्या मुलाचा डावा डोळा पकडला ह्याचा अर्थ कुणीतरी उजवा नीट झाकला होता. कारण एक डोळा चांगला असला की मूल सगळं करतं, क्रिकेट खेळतं, फळ्यावरचं उतरवतं, त्याला स्वतःलाच माहीत नसतं की दुसऱ्याने कमी दिसतं. ते सांगणार काय?

पण तपासणीनंतरचं खरं दुखणं. गेल्या वर्षी माझ्या वर्गात ३१ मुलं, चौघांना चिठ्ठी. महिनाभराने विचारलं तर एकच गेलेला. एकाचे वडील रोजंदारीवर, सोमवारची मजुरी कोण सोडणार. एकीची आई म्हणाली आतापासून चष्मा लावला तर पुढे सोयरीक जमताना अडचण. चौथ्याची चिठ्ठी घरी पोचलीच नाही. तेव्हापासून मी चिठ्ठी मुलाच्या हातात देत नाही, पालकाला फोन करतो आणि सही घ्यायला शाळेत बोलावतो. आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी शनिवारी जातो. ह्या वर्षी पाच चिठ्ठ्या होत्या, पाचही गेले. तपासणी झाली असा शिक्का रजिस्टरवर बसला की काम झालं असं धरायची पद्धत मला मान्य नाही, चष्मा नाकावर येईपर्यंत काम झालेलं नसतं.

पट्टीचं ऐका. ६/२४ इतका डोळा असेल तर रोज दोन तास पट्टीही सहा तासांइतकीच चालते असं अभ्यासात दिसलेलं आहे, डॉक्टरना विचारा, दोन तास असतील तर शाळेत लावायची गरजच नाही. संध्याकाळी घरी, त्या दोन तासांत जवळचं काम करायला द्या, चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदळातले खडे निवडणं, गोष्टीचं पुस्तक. ७-८ वर्षांच्या आत सापडलं तर सगळ्यात बरं, पण ९ म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं वय नाही, १२ पर्यंतच्या मुलांना फायदा होतो, कधी कधी त्याहून मोठ्यांनाही. चष्मा मात्र दिवसभर, शाळेतसुद्धा. माझ्या वर्गात एकाला चिडवत होते तेव्हा मी त्यालाच तक्त्याजवळ उभा केला आणि बाकीच्यांची तपासणी घ्यायला लावली, छडी घेऊन अक्षरं तोच दाखवत होता. तुमच्या बाईंना विचारून बघा.

लेन्सवाला_डिचोली

थोडं माझंही. मी ऑप्टोमेट्रिस्ट, दुकान आहे. ह्या थ्रेडनंतर लोक आरशात बुबुळं बघून घाबरतील म्हणून लिहितो. साठीनंतर बुबुळाला अशी राखाडी कड खूप जणांना येते, ती वयाची, त्याने घाबरायचं काही नाही. पंचेचाळिशीच्या आत दिसली तर लिपिड करावं. पापणीवरचे पिवळे डाग असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं कोलेस्ट्रॉल नॉर्मल निघतं, म्हणजे डाग हे निदान नाही, रक्त तपासायचं कारण आहे. उलटंही तेवढंच, कड नाही डाग नाही म्हणजे कोलेस्ट्रॉल नाही असं अजिबात नाही, बहुतेकांच्या डोळ्यात काहीच दिसत नाही.

आणि फोंड्याच्या भाईंनी लिहिलं तसा पडदा, किंवा एका डोळ्याने एकदम दिसेनासं होणं, दुखत नसलं तरी, गेलं आणि परत आलं तरी, माझ्या दुकानात येऊ नका. दरवर्षी एखादा येतो नंबर बदललाय का बघा म्हणून. सरळ १०८.

माडाखालचो

फोंड्याच्या भाऊंची पोस्ट काल रात्री परत वाचली. माझं ४४ वय आहे. बीपी सुद्धा कधी मोजलं नाही. उद्या सकाळी आमच्या हेल्थ सेंटरवर जातो, उपाशी जावं लागतं का?

निवृत्त_सिस्टर

शाब्बास. एलडीएलसाठी उपाशी नसलात तरी चालतं, ट्रायग्लिसराइड जास्त आलं तर परत उपाशी बोलावतील. पण शुगर पण करणार असाल तर उपाशीच जा. आणि रिपोर्ट इथे टाका.

सत्तरीची_वैनी

सगळ्यांना, दोन महिन्यांनी लिहितेय, मधे चवथ आली आणि शेतीचं काम. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे उपकार.

त्या दिवशी गाडी पुसून झाल्यावर हे आत आले आणि म्हणाले कुठे आहे ती गोळी. आधी टीएसएच केली, नॉर्मल. बीपी १३८/८८, डॉक्टर म्हणाले मिठाकडे बघा, परत मोजू. सहा आठवड्यांनी लिपिड, एलडीएल १०४. एसजीपीटी ठीक. पाय पहिले दहा दिवस दुखत होते, मग थांबलं. सासूबाईंना चष्म्याचं उदाहरण दिलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण आता रात्री दिवा लावून झाला की गोळीची पट्टी ह्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवतात आणि किती शिल्लक राहिल्या ते मोजतात. मुलगा ५१ व्या वर्षाच्या जवळ जातोय ह्याचा हिशेब त्याही मनात करत असणार, नवरा गेला तेव्हा त्या ४६ च्या होत्या.

ह्यांचा भाऊ वास्कोला असतो, त्याने तपासलं, त्याचं एलडीएल १९८. नणंद कुडाळला, तिचं नॉर्मल निघालं. आणि आमच्या पोराचं १७८. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या बाहेर पायरीवर बसले. लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेला, त्या म्हणाल्या लगेच गोळी नाही, आधी खाणं आणि खेळणं, सहा महिन्यांनी परत रक्त, तेव्हाही असंच असेल तर दहाव्या वर्षाच्या आसपास कमी डोसची सुरू करता येते, घाबरू नका, आजोबांच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं, ह्याच्या वेळी माहीत आहे.

पट्टी दोन तास, डॉक्टरनी पण तेच सांगितलं. संध्याकाळी माझ्याजवळ बसून कुळीथ निवडतो. परवा तपासलं तर डावा ६/१५ पर्यंत आलाय.

मास्तर, एक तुम्हाला सांगायचं होतं. ह्या रविवारी माळ्यावरचं जुनं दप्तर काढलं, शेजारच्या मुलाला द्यायला, तर आतल्या कप्प्यात गेल्या वर्षीची पण चिठ्ठी होती. तिसरीतली. उजवा ६/६, डावा ६/१८. तीही कुणी वाचली नव्हती. आमच्या बाईंना दाखवली, तुम्ही करता ते सांगितलं, फोन करून सहीला बोलावायचं. बाईंनी चिठ्ठी ठेवून घेतली आणि माझ्यासमोरच पालकांचे नंबर काढायला बसल्या. चौदा पालकांचे नंबर बदललेत, ते मी गोळा करून देते म्हटलं, आजपर्यंत नऊ झाले.

माडाखालचो भाऊ, तुमचा रिपोर्ट नाही टाकलात.

माडाखालचो

एलडीएल १४१, बीपी १६२/१०४. बीपीची गोळी त्याच दिवशी सुरू केली. कोलेस्ट्रॉलचं तीन महिने खाणं सांभाळून परत बघू म्हणाले. फोंड्याच्या भाऊ, बाबा कसे आहेत?

फोंड्याचो_पूत

बरे आहेत. सिस्टरबाईंची लाल पट्टी ताटाजवळ ठेवतो. काल बांगडा स्वतःच शोधून काढला.